देवराईतून सायकल न्यावी का?

माउंटन बायकिंग करणाऱ्या तरुणांमध्ये श्रद्धा आणि विवेक यांवरून जे वाद झडतात, त्यांतून सार्वजनिक धोरणासाठी शिकण्यासारखे बरेच आहे.

मनाली-लेह मार्गावर सरचू मागे पडले की 21 वळणांचा एक चढ लागतो. त्याला ‘गाटा लूप्स’ म्हणतात. त्यातल्या एका वळणावर दगड रचून केलेले लहानसे ठाणे आहे आणि त्याच्याभोवती पाण्याच्या बाटल्यांचा खच पडलेला असतो. आख्यायिका अशी की, बर्फात बंद पडलेल्या मालमोटारीच्या राखणीला मागे राहिलेला क्लीनर मदत पोहोचण्याआधीच तहानेने आणि थंडीने मेला, आणि तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतो. ट्रकचालक तेथे बाटली ठेवतात, कुणी सिगारेट ठेवतात. हा चढ सायकलने चढणारे तरुणही दम खाण्यासाठी तेथेच थांबतात, आणि बाटली ठेवावी की नाही यावर त्यांच्यात हमखास वाद होतो. एक म्हणतो, ही भाकडकथा आहे. दुसरा म्हणतो, ठेवली तर बिघडते काय? तिसरा त्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणतो, बिघडते ते प्लास्टिकमुळे.

या तिसऱ्या माणसाचे मला नेहमी कौतुक वाटते. भूत आहे की नाही, हा प्रश्न तो सोडवत बसत नाही. त्या श्रद्धेतून जे आचरण घडते त्याचा परिणाम काय, एवढेच तो विचारतो. दूरचित्रवाणीवरील चर्चांमध्ये ‘श्रद्धा विरुद्ध विज्ञान’ असा जो सामना रंगवला जातो, त्यात हा माणूस सहसा दिसत नाही. डोंगरात तो भेटतो, कारण तेथे प्रत्येक मताची किंमत दमाने, पाण्याने आणि कधी कधी जिवाने मोजावी लागते.

भारतात माउंटन बायकिंग हा खेळ अजून लहान आहे, पण आता तो नवखा राहिलेला नाही. हिमाचलमध्ये 2005 पासून अनेक दिवस चालणाऱ्या डोंगरी सायकल शर्यती होऊ लागल्या. 2022 मध्ये लेह शहरात या खेळाच्या विश्वचषक मालिकेतील एलिमिनेटर प्रकाराची फेरी झाली, आणि 2023 मध्ये केरळमधील पोनमुडी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली. या मंडळींत बेंगळूरु-पुण्याचे संगणक अभियंते असतात, लष्करातील जवान असतात आणि डोंगरातल्याच गावांत वाढलेली मुलेही असतात. पहिल्या गटाला खिंड म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची आणि चढाचा कोन. तिसऱ्या गटाला तीच खिंड म्हणजे कुण्या देवतेची हद्द. एकाच पायवाटेवरून ही दोन माणसे सायकल चालवतात, तेव्हा वाद अटळ असतो.

असा एक वाद काही वर्षांपूर्वी मी जवळून ऐकला. कुल्लू जिल्ह्यातील बंजारवरून वर गेले की सुमारे 3,100 मीटर उंचीवर जलोडी खिंड लागते. खिंडीत महाकालीचे देऊळ आहे. तेथून पाचेक किलोमीटरची पायवाट ओकच्या दाट रानातून सेरोलसर तलावापर्यंत जाते. तलावाकाठी बुढी नागिणीचे स्थान आहे. परिसरातील नागदेवतांची ती माता, असे लोक मानतात आणि तिला तूप वाहतात. तलावात एकही पान तरंगताना दिसत नाही, कारण एक पक्षी पडलेले पान लगेच उचलतो, अशी तेथली धारणा आहे. दहा-बारा सायकलस्वारांना या वाटेने तलावापर्यंत जायचे होते. खालच्या गावातील देवतेच्या कारदाराने ‘सायकली इथेच ठेवा’ असे सांगितले, आणि खिंडीतल्या चहाच्या टपरीवर चर्चेला तोंड फुटले.

बेंगळूरुच्या एका अभियंत्याचे म्हणणे बिनतोड वाटावे असे होते. हे सरकारी जंगल आहे, वनखात्याने सायकलींना मनाई केलेली नाही, मग एका पक्ष्याच्या कथेवरून नागरिकाला अडवण्याचा अधिकार कोणाला? बंजारकडचा एक तरुण सायकलपटू त्याला उत्तर देताना देवीचे नावही घेईना. पावसानंतर या वाटेची माती भुसभुशीत होते, टायरची चाकोरी पडली की पुढच्या पावसात तिचाच ओहोळ होतो आणि काठ खचतो, असे तो सांगत होता. देहरादूनची एक शिक्षिका, स्वतः उत्तम सायकलपटू, दोघांनाही अडवत म्हणाली, “मातीचे कारण असेल तर मातीचे सांगा, देवीचे कशाला? आणि देवीचे म्हणत असाल, तर तिच्या दारात कोणाकोणाला मज्जाव आहे तेही सांगा.”

कारदार शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारले, “या वाटेवर तुमच्यापैकी कोणी पडला, तर त्याला खाली कोण आणणार?” कोणी बोलले नाही. उत्तर सर्वांना ठाऊक होते, गावचीच माणसे आणणार. दहा किलोमीटरच्या परिसरात दुसरे कोणी नव्हतेच.

मला त्या प्रश्नात श्रद्धेपेक्षा कारभार अधिक दिसला, आणि त्याला ऐतिहासिक कारण आहे. कुल्लूचा कारदार हा पुजारी नव्हे. तो देवतेचा व्यवस्थापक. देवतेचा हिशेब, भांडार, उत्सव आणि गावाने करावयाची कामे हे सारे त्याच्याकडे असते. देवतेच्या वतीने बोलतो तो गूर. सतराव्या शतकात राजा जगतसिंहाच्या काळी रघुनाथाची मूर्ती अयोध्येहून कुल्लूला आली आणि खोऱ्यातील देवता दसऱ्याला त्याच्या भेटीस येऊ लागल्या, त्यातून जी व्यवस्था घट्ट झाली ती धार्मिक तितकीच राजकीय होती. रान कधी तोडायचे, कुरण कधी खुले करायचे, पाणी कोणी किती घ्यायचे, हे देवतेच्या नावाने ठरत असे. म्हणजे ज्याला आपण आज ‘नैसर्गिक संसाधनांचे व्यवस्थापन’ म्हणतो, ते देवतेच्या भाषेत चालले होते.

ही भाषा अजून जिवंत आहे याचा प्रत्यय 2006 मध्ये आला. मनालीजवळ परदेशी गुंतवणुकीतून भव्य स्की-नगर उभारण्याचा प्रस्ताव होता. नग्गर येथे देवतांची ‘जगती’, म्हणजे सभा, बोलावली गेली आणि गूरांच्या मुखातून देवतांनी प्रकल्पाला विरोध दर्शवला. शहरी वाचकांनी त्याची चेष्टा केली. पण गावकऱ्यांचे आक्षेप पाणी, रान आणि चराईचे हक्क यांविषयीचे होते, आणि ते कोणत्याही पर्यावरणीय अहवालात शोभले असते. प्रकल्प शेवटी उभा राहिला नाही.

येथे विवेकवाद्यांची एक रास्त शंका आहे. मातीचे आणि पाण्याचे कारण खरे असेल, तर ते देवाच्या तोंडून का वदवावे? उद्या देव चुकीचे बोलला, तर त्याला प्रश्न कोण विचारणार? या शंकेला मला सर्वांत समर्पक वाटणारे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी दिले. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइटच्या खाणीचे ते प्रकरण होते. डोंगरिया कोंध आदिवासी त्या डोंगराला नियमराजाचे स्थान मानतात. नियमराजा आहे की नाही, हे न्यायालयाने तपासले नाही. वनहक्क कायद्यानुसार या समाजाचे धार्मिक आणि सांस्कृतिक हक्क बाधित होतात का, याचा विचार ग्रामसभांनी करावा, असे त्याने सांगितले. त्यानंतर झालेल्या 12 ग्रामसभांपैकी बाराही सभांनी खाणीला नकार दिला. श्रद्धेचे सत्य न्यायालयाने ठरवले नाही, पण ती श्रद्धा बाळगणाऱ्या नागरिकांची संमती अनिवार्य मानली. देवाचे म्हणणे ग्रामसभेत आले की ते नागरिकांचे म्हणणे होते. त्यावर प्रश्न विचारता येतो, नोंद होते, मत देता येते.

संमतीचा मान राखण्यासाठी श्रद्धाळू असावे लागत नाही. 25 मे 1955 रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन हे ब्रिटिश गिर्यारोहक कांचनजंगाच्या माथ्यापासून काही पावलांवर थांबले. शिखर अस्पर्श ठेवण्याचे वचन सिक्कीमच्या चोग्यालांना दिलेले होते. जगातील तिसरे उंच शिखर सर करणाऱ्या या दोघांनी शेवटची पावले टाकली नाहीत, आणि म्हणून त्यांचा विक्रम कोणी कमी लेखला नाही. पुढे 2001 मध्ये सिक्कीम सरकारने आपल्या बाजूने या शिखरावरील चढाईवर बंदीच घातली. जलोडीतही तेच घडले. बहुतेकांनी सायकली खिंडीत ठेवल्या आणि तलावापर्यंत पायी गेले. अभियंता गेला नाही. सायकलींपाशी बसून राहिला. त्याचे मत बदलले नव्हते, पण गावाचा नकार त्याने मान्य केला होता. मला ही भूमिका अतिशय प्रतिष्ठेची वाटते.

परंतु शिक्षिकेचा प्रश्न अनुत्तरित राहू देता कामा नये. देवतेच्या नावाने रान राखले जाते, तसेच देवतेच्या नावाने माणसांना दारातून परतही पाठवले जाते. आपल्या देशात हा मज्जाव बहुधा जातीवरून किंवा स्त्रीत्वावरून झालेला आहे. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहूनच. 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. म्हणून कसोटी सोपी आहे. बंधन सर्वांना सारखे लागू असेल आणि त्याने डोंगर राखला जात असेल, तर पाहुण्याने ते पाळावे. बंधन काही माणसांपुरतेच असेल, तर तेथे देवतेचा मान नव्हे, संविधानाचा मान राखायचा असतो.

आता वादाची दुसरी बाजू. कोठे जावे, या प्रश्नात श्रद्धेला स्थान आहे. जिवंत कसे परतावे, या प्रश्नात मात्र तिला निर्णयाधिकार देता येत नाही. इटलीत कोमो सरोवराच्या वर गिसाल्लोच्या मातेचे छोटे चर्च आहे. 1949 मध्ये पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची संरक्षक म्हणून घोषित केले. त्या चर्चमध्ये फाबिओ कासार्तेल्ली या ऑलिम्पिक विजेत्याची सायकल जपून ठेवलेली आहे. 1995 च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातील उतारावर पडून त्याचा मृत्यू झाला. त्याने हेल्मेट घातलेले नव्हते. रस्त्यावरील व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे झाले ते 2003 मध्ये, आणखी एका सायकलपटूचा जीव गेल्यानंतर. चर्चने शोकाला जागा दिली, ते महत्त्वाचे काम आहे. जीव वाचवण्याचे काम नियमाला करावे लागले.

आपल्याकडे शर्यतीपूर्वी नारळ फोडतात, हँडलला लाल धागा बांधतात. त्यात वावगे काही नाही. रॉकेट उडवण्यापूर्वी इस्रोचे प्रमुखही तिरुपतीला जातात, पण इंधनाचे गणित कोणी बालाजीवर सोपवत नाही. धागा बांधणाऱ्याने ब्रेकही तपासावा, एवढीच अपेक्षा आहे. 3,000 मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा वैद्यकीय संकेत आहे. फुफ्फुसांत पाणी साठू लागलेल्या तरुणाला मंत्राने किंवा ‘मनोबला’ने उतार पडत नाही. त्याला ताबडतोब खाली आणावे लागते.

‘मनोबल’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. शहरी विवेकवाद्यांचीही काही दैवते असतात, आणि इच्छाशक्ती हे त्यांपैकी एक. दुसरे दैवत म्हणजे आकडा. लडाखमधील खारदुंग ला खिंडीच्या फलकावर वर्षानुवर्षे 18,380 फूट उंची लिहिलेली होती. उपग्रहाधारित मोजणीत ती सुमारे 5,359 मीटर, म्हणजे 17,600 फुटांच्याही आत भरते. तरी त्या फलकापाशी छायाचित्र काढून हजारो सायकलस्वार फलकावरचा आकडाच सांगत राहिले. गाटा लूप्सच्या भुताला हसणारी मंडळी एका सरकारी फलकावर निःशंक विश्वास ठेवतात, हे सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला थोडे सुखावणारे असले, तरी वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणता येणारे नाही. 51-क अनुच्छेदाने 1976 मध्ये नागरिकांवर टाकलेले कर्तव्य शोधक बुद्धीचेही आहे, आणि ती बुद्धी स्वतःच्या समजुतींवरही चालवावी लागते.

हिमालयातील राज्ये साहसी पर्यटनाला उत्तेजन देत आहेत. त्यांनी मार्गांना परवानगी देताना दोन स्वतंत्र गोष्टी तपासाव्यात, असे मला वाटते. पहिली, ज्या ग्रामसभांच्या हद्दीतून वाट जाते त्यांची लेखी संमती आहे का. सायकल कोठे न्यायची नाही ते त्या संमतीतच स्पष्ट असावे, आणि अपघातात मदतीला धावणाऱ्या गावाला त्याचा मोबदलाही मिळावा. दुसरी, हेल्मेट, विश्रांतीचे दिवस, प्राणवायू आणि रुग्णाला खाली आणण्याची सोय आहे का. पहिल्या तपासणीत देवतेचे म्हणणे गावकऱ्यांच्या तोंडून ऐकावे. दुसऱ्या तपासणीत कोणाच्याही नवसाने सवलत मिळू नये. आज बहुतेक ठिकाणी परवाना दूरच्या कार्यालयात मिळतो आणि स्ट्रेचर उचलण्याची वेळ येते ती वाटेवरच्या गावकऱ्यांवर. कारदाराने चहाच्या टपरीवर विचारलेला प्रश्न परवान्याच्या अर्जात छापील रकाना म्हणून आला, तरी श्रद्धावान आणि विवेकवादी दोघांचेही बरेच समाधान होईल.