बूट भारी, क्रॅम्पॉनही भारी, पण जोडीच जमली नाही तर बर्फावर घात होतो

सह्याद्रीतले कितीही गड पालथे घातलेले असोत, हिमालयात पहिल्यांदा कडक बर्फाच्या उतारावर उभं राहिलं की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. तिथे बुटाचा सोल कितीही चांगला असला तरी पकड घेत नाही. तिथे लागतात क्रॅम्पॉन.

क्रॅम्पॉन म्हणजे बुटाच्या तळाला बसवायचा टोकदार दात्यांचा धातूचा सांगाडा. १९०८ च्या सुमारास ब्रिटिश गिर्यारोहक ऑस्कर एकेन्स्टाईन यांनी दहा दात्यांच्या क्रॅम्पॉनचं डिझाईन केलं आणि इटलीतल्या कूर्मायर गावचे लोहार हेन्री ग्रिव्हेल यांनी ते घडवलं. पुढे १९२९ मध्ये त्यांचा मुलगा लॉरेन्ट याने पुढच्या बाजूला आणखी दोन दाते काढले. त्यामुळे उभ्या बर्फात बुटाचं टोक रुतवून सरळ वर चढणं शक्य झालं.

पण मेख अशी आहे की कुठलाही क्रॅम्पॉन कुठल्याही बुटाला चालत नाही.

आधी बूट वाकवून बघा

बुटाचा सोल किती कडक आहे त्यावर त्याची प्रतवारी ठरते. बी-० म्हणजे आपले नेहमीचे ट्रेकिंग शूज. ते सहज वाकतात, त्यामुळे क्रॅम्पॉनसाठी बादच. बी-१ थोडे कडक असतात. बी-२ बरेच कडक असतात आणि त्यांच्या टाचेवर एक खाच असते. बी-३ जवळजवळ वाकतच नाहीत, त्यांना पुढे आणि मागे अशा दोन्हीकडे खाचा असतात.

क्रॅम्पॉनचेही असेच तीन प्रकार आहेत. सी-१ पुढून-मागून पट्ट्यांनी बांधतात. सी-२ ला पुढे प्लास्टिकची पकड आणि मागे टाचेच्या खाचेत अडकणारी खटक्याची क्लिप असते. सी-३ ला मागे तीच क्लिप, पण पुढे थेट तारेची कडी असते.

हिशोब सोपा आहे. बुटाचा आकडा क्रॅम्पॉनच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा हवा. बी-३ ला तिन्ही चालतात, बी-२ ला सी-१ आणि सी-२, बी-१ ला फक्त सी-१.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काटेकोर कशासाठी? कारण बूट पावलागणिक वाकतो आणि क्रॅम्पॉन तितका वाकत नाही. मग क्लिप सुटते, दाते सरकतात, नाहीतर मधली पट्टी वारंवार ताण येऊन मोडते. आणि हे सगळं होतं ते नेमकं उतारावर, शरीराचं सगळं वजन त्या पायावर असताना.

आकडा जुळला म्हणजे काम झालं का?

नाही. बूट बी-३ आणि क्रॅम्पॉन सी-३ असला तरी एका कंपनीची कडी दुसऱ्या कंपनीच्या बुटाच्या टोकावर नीट बसेलच असं नाही. कडी अरुंद आणि बुटाचं टोक रुंद असं झालं, की मध्ये फट राहते. म्हणून दुकानात क्रॅम्पॉन घ्यायला जाताना स्वतःचे बूट सोबत न्यावेत. ऑनलाईन फोटोवरून हे कळत नाही.

बसवून पाहताना या गोष्टी तपासायच्या:

– मधल्या पट्टीची लांबी बुटाच्या मापाला लावून घ्या. क्रॅम्पॉनचा सांगाडा सोलला लागून बसला पाहिजे.

– पुढचे दाते बुटाच्या टोकाबाहेर साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर यायला हवेत. कमी आले तर बर्फात रुतत नाहीत, जास्त आले तर पोटऱ्या भरून येतात आणि अडखळायला होतं.

– टाचेची क्लिप जरा जोर लावून ‘खट्’ आवाजासह बसली पाहिजे. अलगद बसली तर सैल आहे समजा.

– डावा-उजवा ओळखा. बकल नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला येतं.

शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. क्लिपवाल्या क्रॅम्पॉनचा पट्टा न बांधता बूट उचला आणि जोरात हलवा. क्रॅम्पॉन जागचा हलला नाही, तर जोडी जमली. निखळून पडला, तर पट्टा आवळून ते झाकता येत नाही. पट्टा हा जादाचा आधार आहे, मूळ पकड नव्हे.

भाड्याने घेणाऱ्यांनी जास्त जपावं

महाराष्ट्रातून हिमालयात जाणारे बरेच जण बूट एकीकडून आणि क्रॅम्पॉन दुसरीकडून भाड्याने घेतात. गडबड इथेच होते. दोन्ही हातात आले की बेस कॅम्पवरच जोडून बघावं, हातमोजे घालून चढवण्या-उतरवण्याचा सराव करावा. पट्ट्यांची लोंबती टोकं खोचून टाकावीत, नाहीतर दुसऱ्या पायाचे दाते त्यातच अडकतात. उतार सुरू होण्याआधी सपाट जागी क्रॅम्पॉन चढवावेत आणि दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.

आणि फक्त हिवाळी ट्रेकच्या मळलेल्या वाटेवरच चालायचं असेल, तर क्रॅम्पॉनच्या भानगडीत पडायची गरजही नसते. नेहमीच्या ट्रेकिंग शूजवर रबराने ताणून बसणारे मायक्रोस्पाईक्स तिथे पुरतात. फक्त त्यांच्या भरवशावर उभ्या बर्फात घुसू नये.

क्रॅम्पॉन सैल आहे हे कळायची योग्य जागा बेस कॅम्प आहे, बर्फाचा उतार नाही. तिथे दुरुस्तीला वेळ मिळेलच असं नाही.