चितपूरचा रस्ता : बयाण्यावर उभी राहिलेली कला

जुन्या शहरांतील व्यवसायांचा इतिहास बहुधा तेथील वस्त्यांच्या नावांत जपलेला असतो. पुण्यातील तांबट आळी किंवा बुरूड आळी ही नावे ऐकताच तेथे कोणत्या हातांनी काम केले असेल, याची कल्पना येते. कलकत्त्याच्या उत्तर भागातील नावेही याच जातीची आहेत. कुमोरटुली म्हणजे कुंभारांची वस्ती, कांसारिपाडा म्हणजे कासारांची आणि दर्जीपाडा म्हणजे शिंप्यांची. ‘टुली’, ‘टोला’, ‘पाडा’ हे प्रत्यय आपल्याकडील ‘आळी’ आणि ‘वाडा’ यांचे सख्खे भाऊ होत. या वस्त्यांना एका दोऱ्यात ओवणारा रस्ता म्हणजे जुना चितपूर रोड, आजचा रवीन्द्र सरणी.

उत्तरेस बागबाजारापासून दक्षिणेस लालबाजारापर्यंत जाणारा हा मार्ग कंपनी सरकारच्या कलकत्त्याहून जुना आहे. चितपूर येथील चित्तेश्वरीच्या देवळावरून त्यास नाव मिळाले. कालीघाटाकडे जाणारे यात्रेकरू याच वाटेने जात. पायी चालणाऱ्यास तो एका दिवसात सहज पाहून होतो. परंतु खाद्यपदार्थांची, मूर्तींची, नाटकमंडळ्यांची आणि दुकानांची केवळ गंमत पाहून परतणाऱ्यास त्यांच्यातील नाते उमगणार नाही. ते नाते एका शब्दात सांगता येते, आणि तो शब्द मराठी माणसाच्या परिचयाचा आहे : बयाणा. व्यवहार ठरला म्हणून आगाऊ दिलेली रक्कम, या अर्थी मराठीत ‘बयाणा’ आणि बंगालीत ‘बायना’ हे एकाच अरबी-फारसी मुळाचे शब्द रूढ झाले. चितपूरची कला तयार मालाच्या रूपाने ग्राहकाची वाट पाहत बसत नाही. ठरलेल्या तिथीसाठी, आगाऊ दिलेल्या शब्दावर ती आकार घेते.

दिवसाचा आरंभ बागबाजारापासून करणे सोयीचे. मराठी प्रवाशास येथे एक अनपेक्षित खूण आढळते. 1742 साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा कलकत्त्यातील रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. ‘मराठा डिच’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्याचे काम अर्धवटच राहिले आणि 1799 साली तो बुजवून त्यावर रस्ता करण्यात आला. पण बागबाजारातील एका गल्लीने त्याचे नाव टिकवून धरले. ‘बारगीर’ या मराठी शब्दापासून झालेला ‘बर्गी’ हा शब्द तर बंगाली अंगाईगीतांत लेकरांना भय दाखविण्यासाठी आजही येतो. दोन भाषांचा संबंध नेहमी ग्रंथांतूनच जुळतो असे नाही, याचे हे एक उदाहरण होय.

याच बागबाजारात नवीनचंद्र दास यांनी 1868 साली रसगुल्ला सिद्ध केला, अशी बंगालची परंपरा सांगते. ओडिशाचा दावा निराळा आहे. 2017 साली ‘बांगलार रसगोल्ला’ यास आणि 2019 साली ओडिशाच्या रसगुल्ल्यास भौगोलिक निर्देशांक मिळून दोन्ही राज्यांचे समाधान झाले. वादापेक्षा पदार्थाचे द्रव्य अधिक महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रातील मिठाई बहुतांशी आटवलेल्या दुधावर, खव्यावर उभी आहे. बंगालची मिठाई फाडलेल्या दुधाच्या ‘छान्या’वर. छाना टिकाऊ नव्हे. तो रोज करावा लागतो आणि त्याची मिठाई ताजीच खावी लागते. त्यामुळे मिठाईवाल्यास दूधवाला, भट्टी आणि गिऱ्हाईक ही तिन्ही जवळच असावी लागतात. ज्या निकटतेवर हा रस्ता जगतो, तिचा पहिला प्रत्यय असा खाण्याच्या पानावरच येतो.

बागबाजाराहून थोडे दक्षिणेस कुमोरटुली लागते. अरुंद गल्ल्यांच्या दोहो बाजूंस मूर्तिकारांच्या शाळा आहेत. यांतील अनेक घराणी मूळची कृष्णनगर भागातील. येथील मूर्तीची रीत पेणच्या गणेशमूर्तीहून भिन्न आहे. प्रथम बांबू-लाकडाचा ‘काठामो’ म्हणजे सांगाडा उभा राहतो; त्यावर पेंढा बांधून देहाचा डौल साधला जातो. मग चिकट मातीचा जाड थर, तो सुकल्यावर गाळाच्या मऊ मातीचा लेप, भेगांवर मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, पांढरा हात आणि शेवटी रंग. रथयात्रेच्या दिवशी काठाम्याची पूजा होते. देवीचे डोळे रेखण्यासाठी महालयेचा दिवस परंपरेने मानला जातो. या दोन तिथींमध्ये जेमतेम तीन महिने असतात आणि ते नेमके पावसाचे. माती सुकवायची कशी, ही कुमोरटुलीची दर वर्षीची चिंता असते.

मूर्तीसाठी लागणाऱ्या मातीत वेश्यावस्तीच्या दारची माती मिसळावी, असा संकेत आहे. सोनागाछी ही तशी वस्ती येथून हाकेच्या अंतरावर आहे. जिच्या दारची माती पवित्र, तिला समाजात स्थान मात्र नाही. ही विसंगती तेथील स्त्रियांनीच अलीकडच्या काळात उघडपणे बोलून दाखविली आहे.

मूर्ती एकट्या कुंभाराची नसते. पाणथळीत उगवणाऱ्या शोला वनस्पतीच्या पांढऱ्या भेंडापासून मालाकार मुकुट व दागिने कोरतात. आपल्याकडे लग्नाची बाशिंगे भेंडाची होत, तीच ही विद्या. चकचकीत वर्खाच्या साजास ‘डाकेर साज’ म्हणतात. हा वर्ख पूर्वी परदेशातून डाकेने येई म्हणून हे नाव पडले, अशी उपपत्ती दिली जाते. केस करणारा, शस्त्रे करणारा, बांबू विकणारा, मूर्ती उचलून नेणारे हमाल, सर्व याच वस्तीच्या आसपास राहतात. बांबू, पेंढा आणि माती यांचा पैसा मात्र आधी मोजावा लागतो. तो काही अंशी मंडळांच्या बयाण्यातून येतो, उरलेला कर्जातून.

शोभाबाजार ओलांडून पुढे गेले की गरानहाट्याच्या आसपास एकोणिसाव्या शतकातील ‘बटतला’ होती. वडाच्या झाडावरून नाव पडलेल्या या भागात स्वस्त छापखान्यांची दाटी होती. पंचांगे, पौराणिक आख्याने, प्रहसने आणि लाकडी ठशांची चित्रे येथून खेडोपाडी जात. रेव्हरंड जेम्स लाँग यांनी 1859 साली दिलेल्या अहवालावरून दिसते, की 1857 या एका वर्षात कलकत्त्यात विक्रीसाठी छापलेल्या बंगाली पुस्तकांच्या प्रती पाच लाखांहून अधिक होत्या. प्रतिष्ठितांनी ‘बटतला’ हा शब्द हलक्या साहित्यासाठी निंदाव्यंजक म्हणून वापरला. परंतु सामान्य बंगाली माणसास वाचनाची गोडी लावण्याचे मोठे श्रेय या छापखान्यांस द्यावे लागते. याच रस्त्यावरील उत्सवांची आणि ढोंगांची टवाळी जोडासाँकोच्या कालीप्रसन्न सिंह यांनी ‘हुतोम प्याँचार नक्शा’मध्ये बोलभाषेत केली, तेव्हा बंगाली गद्यास एक नवे वळण लाभले.

छापखान्यांच्या शेजारी जात्रामंडळ्यांची कार्यालये आहेत. येथे मराठी वाचकाने सावध असावे. दोन्ही शब्द संस्कृत ‘यात्रा’पासून आले असले, तरी मराठीत ‘जत्रा’ म्हणजे देवाची यात्रा व तिचा बाजार, तर बंगालीत ‘जात्रा’ म्हणजे चोहोबाजूंनी प्रेक्षक बसलेल्या मंचावरचे संगीतप्रधान लोकनाट्य. रथयात्रेच्या दिवशी नव्या हंगामाची नोंदणी सुरू होते. भडक रंगांची भित्तिपत्रके लागतात, गावोगावचे आयोजक येतात, नाटक ठरवतात आणि बायना देऊन परततात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि यात्रा कमिट्या सुपारी देतात, तो प्रकार याहून वेगळा नाही. दोन्हीकडे कलावंताचे वर्ष एका दिवसात ठरते; आणि तो दिवस फिका गेला, तर वर्षही फिके जाते.

नूतन बाजारात खाणे आणि कला यांची गाठ पडते. येथे पितळी-काशाची भांडी मिळतात, तसेच संदेश ही मिठाई पाडण्याचे लाकडी साचेही. मासा, शंख, आंबा अशा आकारांचा हा साचा कोरताना कारागिरास सर्व नक्षी उलटी कोरावी लागते. पूर्वी शेजारच्या गल्लीत ठशांची चित्रे कोरणाऱ्यासही तेच करावे लागे. एकाची छाप कागदावर उमटली, दुसऱ्याची छान्यावर, एवढाच भेद.

त्यापुढे जोडासाँको. मुख्य रस्त्यापासून आत वळल्यावर ठाकुरांचा वाडा लागतो. रवीन्द्रनाथांचा जन्म 1861 साली आणि मृत्यू 1941 साली याच वास्तूत झाला; आज तेथे संग्रहालय आहे आणि 1962 साली स्थापन झालेल्या रवीन्द्र भारती विद्यापीठाचे परिसर आहे. रवीन्द्रनाथांचे थोरले बंधू सत्येन्द्रनाथ मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते. त्यांनी तुकारामाचे अभंग बंगालीत नेले. 1878 साली विलायतेस जाण्यापूर्वी तरुण रवीन्द्रनाथ मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले होते. खंदकापासून अभंगापर्यंतचे हे अंतर चितपूरच्या रस्त्यावर तासाभराच्या चालीचे आहे.

सायंकाळी दक्षिण टोकास नाखोदा मशिदीची वस्ती उजळते. कच्छी मेमन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने बांधलेल्या या मशिदीची कोनशिला 1926 साली बसविण्यात आली. तिच्या रचनेवर सिकंदऱ्याच्या अकबराच्या मकबऱ्याची छाया आहे. ‘नाखोदा’ म्हणजे गलबताचा प्रमुख. कोकण किनाऱ्यावरील ‘नाखवा’ तो हाच. भोवताली अत्तरांची आणि सुक्या मेव्याची दुकाने आहेत. जकारिया स्ट्रीटवर रमजानच्या रात्री हलीम, शीरमाल आणि शेवया यांचा बाजार भरतो. 1905 पासून चालत आलेले रॉयल इंडियन हॉटेल येथेच आहे. 1856 साली अवधचे राज्य गमावून नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याच्या मटियाबुर्जात आले; त्यांच्या बावर्ची मंडळींनी लखनौची चव या शहरात रुजवली, असे मानले जाते. पुढे लालबाजाराच्या अंगास वाद्यांची दुकाने लागतात, आणि रस्ता संपतो.

अशा रस्त्याचे जतन कसे करावे, हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे. युनेस्कोने 2021 साली कलकत्त्याच्या दुर्गापूजेस अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यायोगे उत्सवाचा गौरव झाला. परंतु तो ज्या गल्ल्यांतून घडतो, त्या ओल्या आणि दाटीच्याच राहिल्या. कुमोरटुलीच्या पुनर्विकासाची योजना आखली गेली, काही कारागिरांना तात्पुरत्या जागेत हलविण्यातही आले. ती योजना तडीस गेली नाही. कारागिरास कोरडी, उजेडाची जागा मिळावी, याविषयी दुमत नसावे. मात्र त्याला दूरच्या प्रशस्त संकुलात नेले आणि मालाकार, बांबूवाला व हमाल मागे राहिले, तर जागा मिळूनही काम अडेल. परदेशी पाठविण्याच्या मूर्ती आता फायबरग्लासच्या होतात, त्यांना पावसाची भीती नाही. तरी त्यांची नजर आखणारा हात मातीवरच तयार झालेला असतो.

2020 साली महामारीमुळे मंडळांनी मूर्तींची उंची कमी केली आणि जात्रेचे प्रयोग थांबले. तेव्हा या वस्तीचा खरा पाया कोणता, हे दिसून आले. घरे होती, हत्यारे होती, हातही होते. आला नव्हता तो बयाणा. या रस्त्यावरील इमारतींची यादी करणे आणि त्यांस फलक लावणे आवश्यकच आहे. परंतु पुढील रथयात्रेस कोणीतरी येऊन आगाऊ रक्कम हातावर ठेवील, हा विश्वास कोणत्याही फलकाने निर्माण होत नाही. तो राखण्याचे काम मूर्ती मागविणाऱ्या मंडळांचे, नाटक ठरविणाऱ्या गावांचे आणि सकाळी ताजा संदेश घेणाऱ्या गिऱ्हाइकाचे आहे.