जुन्यावर नवें, कीं मुळापासून नवें?

घराची डागडुजी करावी कीं तें उतरवून पुन्हां बांधावें, हा घरमालकाचा प्रश्न लिनक्स चालविणाऱ्या गृहस्थासही पडतो. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची दीर्घ मुदतीची आवृत्ति दर दोन वर्षांनीं एप्रिलमध्यें निघते व तिला सर्वसाधारणपणें पांच वर्षें सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. २०२० सालच्या २०.०४ या आवृत्तीची ही मुदत २०२५ मध्यें संपली.

अपग्रेड, म्हणजे जुन्या आवृत्तीवरच नवी चढविणें, हें सोयीचें; कारण कागदपत्रें, छायाचित्रें व मांडणी बहुधा जागच्याजागीं राहतात. परंतु २०.०४ वरून थेट २४.०४ वर जातां येत नाहीं, मध्यें २२.०४ ची पायरी चढावी लागते. बाहेरून घेतलेलें सॉफ्टवेअर या वाटेंत अडथळा आणतें. काम अर्ध्यावर असतां वीज गेली, तर संगणक सुरूच न होण्याचें भय असतें.

मुळापासून नवें इन्स्टॉलेशन केल्यास जुना गाळ उरत नाहीं. पण डिस्कचा चुकीचा भाग निवडला कीं त्यावरील सर्व पुसलें जातें. ‘होम’ हा भाग पहिल्यापासून निराळा असेल, तर तो न पुसतां काम साधतें.

तात्पर्य, बाहेरची भर थोडी असल्यास अपग्रेड करावें. ती पुष्कळ असल्यास, किंवा कित्येक आवृत्त्या मागें पडल्यास, नवें इन्स्टॉलेशन बरें. मात्र कोणत्याही मार्गानें जाण्यापूर्वीं सर्व ठेव्याचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा व तो उघडून पाहावा. लिनक्स पुन्हां मिळतें. मुलांच्या बालपणचीं छायाचित्रें पुन्हां मिळत नाहींत.