नकाशावर सरकणारी हिंसा

भारताचा नकाशा पुढे घेऊन नक्षलवादी हिंसाचाराच्या नोंदी त्यावर वर्षवार टिपत गेल्यास असे ध्यानात येते की, ही हिंसा एका जागी कधीच स्थिरावली नाही. १९६७ साली उत्तर बंगालातील नक्षलबाडीत उठाव झाला आणि थोड्याच महिन्यांत मोडला. पुढे आंध्रातील श्रीकाकुळमच्या डोंगरांत आणि १९७०-७१ च्या सुमारास कलकत्त्याच्या गल्लीबोळांत तिचे पडसाद उमटले. त्यानंतर ती आपल्या तेलंगणातील करीमनगर-आदिलाबादकडे वळली. १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांनी ‘पीपल्स वॉर’ हा गट स्थापला आणि त्याची दलमे गोदावरी ओलांडून बस्तर व गडचिरोलीच्या अरण्यात शिरली. तेंदूपत्त्याची तुटपुंजी मजुरी आणि वनकर्मचाऱ्यांचा जाच यांमुळे तेथे त्यांना पाय रोवता आले.

या स्थलांतराचे मर्म राज्यांच्या सीमांत आहे. अरण्य अखंड असते. पोलिसांचा अधिकार मात्र सीमेशी थांबतो. आंध्रात १९८९ मध्ये ‘ग्रेहाउंड्स’ दल उभे राहिले. २००४ ची बोलणी फिसकटल्यावर तेथील दबाव वाढला आणि हिंसेचे केंद्र बस्तरात गेले. ६ एप्रिल २०१० रोजी दंतेवाडा जिल्ह्यात ताडमेटला येथे ७६ जवान बळी पडले. २००५ मधील सलवा जुडूमनंतर उलट दिशेचा प्रवाहही दिसला: बस्तरातील कित्येक आदिवासी कुटुंबे घरेदारे सोडून खम्ममच्या जंगलात आली. घटनांच्या नकाशावर या कुटुंबांसाठी खूण नसते.

असा नकाशा वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. जेथे एका पक्षाचा पूर्ण अंमल बसतो, तेथे चकमकी कमी होतात. म्हणून कोरी जागा शांततेचीच असेल, असे मानता येत नाही. अबुझमाडचे मौन दीर्घकाळ याच जातीचे होते.

आता हे क्षेत्र झपाट्याने आकसले आहे. केंद्र सरकारच्या यादीत २०१८ च्या आरंभी १२६ जिल्हे होते. एप्रिल २०२४ मध्ये ते ३८ उरले. मे २०२५ मध्ये माओवादी पक्षाचे सरचिटणीस बसवराजू नारायणपूर भागात मारले गेले. ऑक्टोबरात मूळचे करीमनगर भागातील मल्लोजुला वेणुगोपाल यांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. रक्ताच्या खुणा पुसल्या जात आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. त्या जागी शाळा, दवाखाना आणि वनहक्काचा दाखला पोचतो की नाही, हे पाहणारा दुसरा नकाशा आता काढावयास हवा.