कलनगणिताचा पहिला पाठ कोणता?

बारावीचा निकाल लागला म्हणजे सुशिक्षित घरांतून जी खलबते सुरू होतात, त्यांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे. 2024-25 पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. मुख्य विषय, गौण विषय, खुला वैकल्पिक विषय अशी निवड विद्यार्थ्याच्या हाती आली. आणि कलनगणित, ज्यास मुले कॅल्क्युलस म्हणतात, ते कोणत्या वाटेने आधी शिकावे याचा निर्णय घरच्या वडील मंडळींस करावा लागतो. पुष्कळदा तो शेजारच्या मुलाने काय घेतले यावरून होतो, आणि वर्ष सरते न सरते तोच चांगली हुशार मुलगी गणितास रामराम ठोकते. अशा ठिकाणी बुद्धीस बोल लावण्यापूर्वी क्रम तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

वाटा दोन आहेत. एकीत विकलन आणि संकलन यांच्या रीती शिकवून त्यांचा पदार्थविज्ञानात, यंत्रविद्येत, अर्थव्यवहारात उपयोग करावयास लावतात. दुसरीत आरंभच संख्या म्हणजे काय, सीमा म्हणजे काय, अशा प्रश्नांनी होतो आणि प्रत्येक विधानास सिद्धता मागितली जाते. बारावीच्या पुस्तकात विकलन, संकलन, इतकेच काय पण विकलक समीकरणेही येऊन गेलेली असतात. म्हणून मुलास वाटते की हे सर्व आपणांस येते. परंतु प्रवेशपरीक्षेच्या गणिताच्या पत्रिकेत 90 मिनिटांत 50 प्रश्न सोडवावयाचे असतात. म्हणजे एका प्रश्नास दोन मिनिटेही नाहीत. या शर्यतीत सूत्रे पाठ होतात, अर्थ मात्र मागे राहतो. असा विद्यार्थी एकदम सिद्धतेच्या वर्गात जाऊन बसला, की एका प्रमेयावर चार दिवस घालविणारे अध्यापक त्यास विक्षिप्त वाटू लागतात.

अर्थ कोठे सापडतो, हे पाहावयाचे असल्यास अहिल्यानगर जिल्ह्यातील (आम्ही जुनी माणसे अद्याप नगरच म्हणतो) हिवरे बाजारचे उदाहरण घ्यावे. 1990 च्या सुमारास श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने या अवर्षणग्रस्त गावाने पाणी अडविण्यास आरंभ केला. पुढे गावात पर्जन्यमापके बसली, विहिरींची पातळी मोजली जाऊ लागली, आणि त्या वर्षी किती पाणी हाती आहे हे पाहून कोणती पिके घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरू लागले. उसासारख्या तहानलेल्या पिकास तेथे मज्जाव आहे. घरच्या जमाखर्चाप्रमाणे पाण्याचाही जमाखर्च मांडणारे हे गाव!

आता हिशेब पाहा. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी झाले. गावाचे क्षेत्र सुमारे 976 हेक्टर. तेव्हा एका मिलिमीटरास 97 लक्ष 60 हजार लिटर, आणि 300 मिलिमीटरांस जवळजवळ 293 कोटी लिटर. इथवर चौथीचे गणित पुरते. परंतु पाऊस कधी रिमझिम, कधी धो धो. दर घटकेस त्याचा वेग निराळा. काही पाणी ओढ्याने जाते, काही उन्हाने उडते, काही मुरून विहिरीस लागते, आणि त्या प्रत्येकाचा वेगही बदलता. या क्षणी विहीर किती वेगाने चढते आहे, हे सांगणे म्हणजे विकलन. बदलत्या वेगावरून एकंदर साठा काढणे म्हणजे संकलन. अशा गावातील मुलीने कलनगणिताची ही उपयोगाची वाट आधी धरली, तर तिला सूत्रामागे पाणी दिसेल.

हा क्रम आपल्या परंपरेसही धरून आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचला, त्यात लीलावती आणि बीजगणित यांच्यानंतर ग्रहगणित येते व त्यापुढे गोलाध्याय. ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती, ग्रहगणितात आली आहे. उपपत्तीचा सविस्तर विचार गोलाध्यायात आहे. आधी गणित करून हात बसवावा, मग त्याचे कारण शोधावे. युरोपातही न्यूटन व लायब्निट्झ यांनी सतराव्या शतकात या शास्त्राचा उपयोग सुरू केला, आणि कोशीने सीमेच्या पायावर त्याची काटेकोर मांडणी केली ती 1821 मध्ये. मानवजातीस जेथे शंभरावर वर्षे लागली, तेथे आपल्या नातवाने ते पहिल्याच सत्रात पचवावे अशी अपेक्षा कशास?

यावर कोणी म्हणेल की नुसत्या रीती घोकून गणिती होत नाही. हे खरेच आहे. केंब्रिज येथे हार्डी यांनी 1908 मध्ये शुद्ध गणितावर ग्रंथ लिहिला, तो कोवळ्या वयातच काटेकोरपणाची सवय लागावी म्हणूनच. ज्या मुलास ‘हे असेच का?’ असे विचारल्यावाचून चैन पडत नाही, त्यास सिद्धतेचा वर्ग आरंभीच द्यावा. त्याच्या वाट्यास उगाच शंभर उदाहरणे घालू नयेत.

आपले मूल कोणत्या जातीचे, हे ओळखण्यास गुणपत्रिकेचा फारसा उपयोग नाही. एका दिवसाच्या पावसाचे तासातासाचे आकडे त्याच्यापुढे ठेवावे, आणि पाऊस सर्वांत जोरात केव्हा होता, एकूण किती पडला, मधल्या अर्ध्या तासाचा अंदाज काय, हे सूत्र न वापरता सांगावयास लावावे. नव्वद गुणांचा विद्यार्थीही येथे अडखळला, तर त्याने उपयोगाची वाट आधी घ्यावी. उत्तर देऊन वर त्याने ‘हा अंदाज कितपत चुकेल?’ असा प्रश्न उलट आपणांस केला, तर तो सिद्धतेस तयार आहे.

मुख्य विषय गणितच घ्यावयाचा असेल, तर बहुधा पहिल्याच सत्रात सिद्धता समोर येते. तेथे निवडीस फारसा वाव नाही. अशांनी निकालानंतरच्या मोकळ्या आठवड्यांत उपयोगाची उदाहरणे घरी करून घ्यावी. आणि प्रवेशपत्रावर सही करण्यापूर्वी पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम मागून घेऊन त्याचे पहिले प्रकरण वाचावे. विषयाच्या नावावरून काही कळत नाही. ‘कलन’ हेच नाव दोन्ही वर्गांच्या दारावर असते.