कपाशीची वंशावळ

भेंडीवर पडणारी ठिपक्यांची अळी पुढें कपाशीच्या बोंडांत कां शिरते, असा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांना पडला असेल. भेंडी व कपाशी हीं एकाच कुळांतलीं झाडें आहेत, आणि हें भाऊपण अळीला आपल्या आधींच समजलेलें आहे! परंतु झाडांची वंशावळ कोणत्याहि दप्तरांत लिहिलेली नाहीं. मग हीं झाडें भाऊबंद आहेत हें शास्त्रज्ञांनीं कशावरून ठरविलें? या लेखांत त्याचाच थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

केवळ दिसण्यावरून नातें ठरवूं गेल्यास फसगत होते. आपण फड्या निवडुंग व तीनधारी निवडुंग या दोघांनाहि एकच नांव दिलें आहे. दोघेहि मांसल व कांटेरी. परंतु फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेंतला आहे, आणि तो कापला असतां दुधासारखा चीक निघत नाहीं. तीनधारी निवडुंगास पांढरा चीक असतो व त्याचें फळ एरंडाच्या फळाप्रमाणें तीन कप्प्यांचें असतें. तो खरोखर एरंडाच्या कुळांतला आहे. कोरड्या जमिनींत पाणी सांठवून जगण्याची गरज दोघांनाहि सारखीच पडली, म्हणून रूप सारखें झालें. गरजेनें आलेलें साम्य आणि वारशानें आलेलें साम्य यांतील भेद ओळखणें, हेंच या शास्त्राचें पहिलें काम होय.

आतां कपाशीचें फूल घेऊन पाहा. त्यांतील पुंकेसर एकमेकांस जुळून त्यांची एक नळी झालेली दिसेल, आणि त्या नळीच्या मधून स्त्रीकेसर वर आलेला दिसेल. भेंडी, अंबाडी व जास्वंद यांच्या फुलांतहि हीच रचना आहे. ज्वारींत किंवा एरंडांत ती नाहीं. स्वीडनमधील लिनियस यानें १७५३ सालीं वनस्पतींची मांडणी फुलांच्या अवयवांवरून केली. परंतु अशा साम्याचें कारण एक पूर्वज होय, हें डार्विन यानें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत विस्तारानें दाखविलें.

पुढील पायरी माझ्यासारख्या जुन्या कारकुनास लवकर उमगते. माझी नोकरी नकला करण्यांत व ताडून पाहण्यांत गेली. समजा, एका उताऱ्याच्या चार नकला समोर आहेत, आणि त्यांपैकीं दोहोंत सर्व्हे नंबर ४७ च्या जागीं ७४ पडला आहे. दोन निरनिराळ्या कारकुनांनीं एकाच ठिकाणीं एकच चूक करणें कठीण. तेव्हां त्या दोन्ही नकला एकाच चुकलेल्या नकलेवरून उतरल्या असें आपण समजतों. जो मजकूर चारहि नकलांत बरोबर आहे, त्यावरून मात्र कोणती नकल कोणत्या नकलेच्या जवळची, हें कळत नाहीं. मूळ आंकडा कोणता हें ठरविण्यास तंट्याबाहेरचें एखादें जुनें पुस्तक काढावें लागतें. जीवशास्त्रज्ञहि असेंच करतात. पुरातन व सर्वसामान्य लक्षण ते सोडून देतात, मागाहून झालेला जो बदल कांहीं थोड्यांतच आढळतो तो पुरावा मानतात, आणि मूळ कोणतें हें पाहण्यासाठीं कुळाबाहेरच्या एखाद्या झाडाशीं ताडतात. जर्मन संशोधक हेनिग यानें १९५० सालीं ही रीत नियमबद्ध केली.

हल्लीं हेंच काम डीएनएवर चालतें. प्रत्येक जीवाच्या पेशींत चार अक्षरांत लिहिलेला हा लेख असतो, आणि पिढ्यानुपिढ्या त्याच्या नकला होतांना अक्षरें क्वचित् बदलतात. अशीं हजारों अक्षरें संगणकावर ताडून, थोड्यांत थोडे बदल मानून जी वंशावळ जुळते किंवा जी अधिक संभवनीय ठरते, ती स्वीकारतात. नवा पुरावा आल्यास तींत फेरफार होतो. एका अक्षरावर किंवा एका लक्षणावर कोणी निकाल देत नाहीं.

या रीतीनें उलगडलेली कपाशीची कथा मोठी चमत्कारिक आहे. आपल्या देशी कपाशीच्या पेशींत गुणसूत्रांच्या १३ जोड्या असतात, अमेरिकन कपाशींत २६. या २६ पैकीं १३ जोड्या मोठ्या व १३ लहान. देशी कपाशीचीं गुणसूत्रें मोठीं, तर अमेरिकेंतील रानकपाशींचीं लहान. यावरून १९३४ सालीं स्कोव्हस्टेड या संशोधकानें अनुमान केलें कीं, अमेरिकन कपाशी हा दोन घराण्यांचा संकर आहे. १९४० सालीं बीस्ली यानें देशी कपाशी व अमेरिकन रानकपाशी यांचा संकर करून औषधानें त्याचीं गुणसूत्रें दुप्पट केलीं. त्या नव्या झाडाचा अमेरिकन कपाशीशीं संकर होऊं शकला, तेव्हां अनुमानास बळकटी आली. पुढें २०१२ सालीं पेरू देशांतील रानकपाशीचा, २०१४ सालीं देशी कपाशीचा व २०१५ सालीं अमेरिकन कपाशीचा संपूर्ण लेख वाचून झाला, आणि दोन्ही घराण्यांचा वारसा अक्षरशः सांपडला. हा संगम सुमारें दहा ते वीस लक्ष वर्षांपूर्वीं, म्हणजे माणूस शेती करूं लागण्याच्या फार पूर्वीं झाला.

या ज्ञानाचा आपणांस काय उपयोग, असें कोणी विचारील. देशी कपाशी पाण्याचा ताण सोसते, रस शोषणाऱ्या किडींस तोंड देते. अमेरिकनचा धागा लांब. दोहोंचा साधा संकर केल्यास त्यांतील १३ गुणसूत्रांस जोडीदार मिळत नाहीं, आणि झाड वांझ निघतें. हें कारण कळल्यामुळेंच गुणसूत्रें दुप्पट करून किंवा मधलें दुसरें झाड योजून ही अडचण ओलांडण्याचे प्रयत्न करतां आले. चांगला गुण रानांतल्या कोणत्या भाऊबंदाकडून आणावयाचा, हेंहि वंशावळच सांगते.

आपल्या शेतापुरतें पाहिलें तरी धडा सोपा आहे. कपाशीच्या शेजारीं भेंडी किंवा अंबाडी लावूं नये, बांधावर पेटारीचीं झुडपें वाढूं देऊं नयेत. ज्यांचें फूल एका घडणीचें, त्यांचे शत्रूहि पुष्कळदां एकच असतात. वाटणीच्या वेळीं आपण भाऊबंदांची नांवें बारकाईनें पाहतों. पेरणीच्या वेळींहि तीं पाहावींत.