गोष्ट पाठ असूनही

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात नारदीय कीर्तन ऐकताना मी श्रोत्यांकडेही पाहते. हरिकीर्तनोत्तेजक सभेची ही वास्तू. इथे कीर्तनकार घडतात. द्रौपदीवस्त्रहरणाची गोष्ट सगळ्यांना पाठ, तरी कुणी उठत नाही. पूर्वरंगात, म्हणजे आधीच्या निरूपणात, थोडी चुळबुळ असते. उत्तररंगात, म्हणजे नंतरच्या आख्यानात, कीर्तनकार बुवा दुःशासनाचा हात पदरापर्यंत नेतात आणि तिथेच थांबतात. झांज वाजते, तबला लय धरतो, द्रौपदीचा धावा साकीच्या चालीत सुरू होतो. हात तसाच अधांतरी. शेजारच्या आजींनी स्वतःचा पदर घट्ट धरलेला! कृष्ण येणार हे त्यांना ठाऊक आहे. तो येईपर्यंत द्रौपदीनं कसं सोसायचं, ही काळजी त्यांना बसवून ठेवते. प्रत्येक भाग ऐन क्षणी तोडणाऱ्या मालिकालेखकांनी हे ऐकायलाच हवं. बुवा आधी पात्राबद्दल माया जागवतात, मगच थांबतात.